टोक्या आणि मोठी बोली

आमच्या शाळेत बोली लावल्याशिवाय कुठल्याही उपकरणाला हात लावता येत नाही. प्रयोगाचं उत्तर काय येईल ते आधी मोठ्यानं ओरडून सांगायचं, आणि मग प्रयोग करायचा. बाजारात कापसाची बोली लागते ना, अगदी तशी आरडाओरड चालते. ज्या जोडीची बोली चुकेल तिनं त्या दिवशीचं काचसामान धुवायचं. बोली बरोबर आली तर बक्षीसबिक्षीस काही नाही. धुणाऱ्यांच्या मागे उभं राहून “तिथं डाग राहिला” असं म्हणायचा हक्क तेवढा मिळतो. या हक्कासाठी आम्ही जीव टाकायचो.

शाळा म्हणजे चिखलदऱ्याची शासकीय विज्ञान प्रशाला. आठवीसाठी प्रवेश परीक्षा होते, साऱ्या राज्यातून एका वर्गापुरती मुलं निवडतात आणि बारावीपर्यंत वसतिगृहात ठेवून घेतात. येणारा प्रत्येक जण आपापल्या गावचा पहिला नंबर असतो. पहिली चाचणी झाली की एक सोडून बाकी सगळ्यांना कळतं, आता आपण पहिले नाही. मग जो तो मनातल्या मनात एकच गोष्ट घोकतो, की आपली निवड चुकून झाली आहे आणि कधीतरी हे कुणाच्या तरी लक्षात येणार. मला तर अजूनही तसं वाटतं, पण मी बडबड करून ते झाकते. मी वृंदा वानखडे, अकोटची. नाव आजीच्या हट्टापायी जुनं, तोंड मात्र माझं स्वतःचं.

बोलीची प्रथा आठल्येबाईंनी पाडली. त्या इथल्या पहिल्या मुख्याध्यापिका. तेव्हा शाळेकडे प्रत्येक उपकरण एकच होतं आणि मुलं रांगेत ताटकळत उभी राहायची. रिकामी पोरं काय उद्योग करतात ते बाईंना चांगलं ठाऊक होतं. म्हणून त्या रांगेतल्या प्रत्येकाला विचारायच्या, “तुझ्या मते काय होणार? बोल, मोठ्यानं बोल!” पुढे उपकरणं आली, रांगा संपल्या, बोली मात्र राहिली. दर वर्षी वर्धापनदिनाला पालकांसमोर मोठी बोली होते. तिचा प्रश्न असा असावा लागतो की त्याचं उत्तर शिक्षकांनाही माहीत नसेल. एका वर्षी बर्फाच्या लाद्या कशाकशात गुंडाळून मैदानात ठेवल्या होत्या. घोंगडीतला बर्फ सगळ्यांत आधी वितळणार, कारण घोंगडी गरम असते, अशी निम्म्या पालकांची बोली होती. ते सगळे धुवायला बसले. एकदा फाटकापासूनच्या उतारावर इंजिन बंद केलेली स्कूटर लांब जाते की सायकल, असा प्रश्न होता. स्कूटरवर बाई स्वतः बसल्या आणि बोली लावली सायकलवर. स्कूटर पार वळणापर्यंत गेली. बाई हरल्या आणि कलेक्टरसाहेबांसमोर पाटावर बसून त्यांनी परीक्षानळ्या घासल्या. तो फोटो अजून भोजनगृहात आहे. त्यात बाई इतक्या हसताहेत की त्यांचे डोळेच दिसत नाहीत.

इथे आठवीत चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात आणि ती जोडी बारावीपर्यंत एकाच बाकावर बसते. माझ्या वाट्याला झेलम बेठेकर आली. ती धारणीची, कोरकू. तिची आई फुलवंती सिस्टर तिथल्या सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. झेलमसारखी बोली लावणारं शाळेत कुणी नव्हतं. तिच्या बहुतेक बोली चुकायच्या, आणि जोडीदार म्हणून मलाही बाटलीचा ब्रश घेऊन नळाखाली बसावं लागायचं. पण तिची चुकलेली बोलीसुद्धा अशी असायची की आमचे भौतिकशास्त्राचे खोडके सर खडू हातात धरून उभेच राहायचे. मग म्हणायचे, “हे चूक आहे. पण का चूक आहे ते मला उद्या सांगता येईल.” आणि दुसऱ्या दिवशी तास त्यावरच व्हायचा.

आम्ही अकरावीत गेलो आणि त्या वर्षी शाळेत सावध आला.

सावध म्हणजे काय ते सांगायला हवं. माणूस चूक एकाएकी करत नाही. चूक झाल्याबरोबर, आपल्याला कळायच्याही आधी, मेंदूत ‘अरेच्चा’ म्हणावं तशी एक लहर उठते, हे फार पूर्वी सापडलं होतं. पुढे संशोधकांच्या लक्षात आलं की चुकीच्या काही सेकंद आधीच मेंदूचा ताल बदलायला लागतो. सरावाचं काम करताना मेंदू एका ठरावीक लयीत चालतो. लक्ष सुटू लागलं की आधी ती लय ढिली पडते आणि मग हात चुकतो. या दोन्हींच्या मधल्या वेळात माणसाला कुणी टोकलं, तर चूक टळते. सावधची डाळीएवढी चकती कानामागे चिकटवतात. ती मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपते आणि त्या माणसाची लय शिकून घेते. लय मोडली की मनगटावरचा पट्टा थरथरतो. एवढंच. आम्ही त्याचं नाव टोक्या ठेवलं, कारण तो कामच ते करायचा.

आणि टोक्या चांगला होता हो. मी उगीच त्याला नावं ठेवणार नाही. फुलवंती काकूंच्या दवाखान्यात तो आमच्या आधीच आला होता. एकदा सारख्याच दिसणाऱ्या दोन बाटल्यांपैकी भलतीच त्यांच्या हातात आली. ड्युटीची पाळी लांबली होती, डोळे मिटत होते. इंजेक्शन भरताना पट्टा थरथरला, त्या थांबल्या, बाटली पाहिली आणि मटकन खालीच बसल्या. समोर तीन महिन्यांचं बाळ होतं. तेव्हापासून काकूंनी पट्ट्याचा एकही ठोका कधी कानाआड केला नाही.

शाळेत तो सरकारी चाचणी म्हणून आला. शाळेच्या वेळात सगळ्यांनी घालायचा, शिक्षकांनीही. पहिल्याच महिन्यात काच फुटायची थांबली, आम्ल सांडायचं थांबलं, गणितात हातचे विसरायचे थांबले. शार्दूल इंगोले नावाचा आमच्या वर्गातला मुलगा आधीच फार पक्का, त्याला तर जवळजवळ ठोकेच पडेनात. त्याचं नाव शून्य इंगोले पडलं आणि तो ते पदवी मिळाल्यासारखं मिरवू लागला.

बोली मात्र आटत गेली. ती कधी आटली हे आमच्या लक्षातसुद्धा आलं नाही. प्रश्न आला की कुणीतरी तोंड उघडायचं, मनगट थरथरायचं आणि तोंड मिटायचं. मग पुस्तकात जे असेल तेच सगळे एका सुरात म्हणायचे. बोली चुकेनात, काचसामान धुवायला कुणी उरेना. शेवटी शिपाईकाकांना ते काम द्यावं लागलं आणि काकांनी आमच्याशी बोलणं सोडलं.

झेलम तर पार गप्प झाली. तिला इतके ठोके पडत की मनगट लाल व्हायचं. प्रत्येक महिन्याला पालकांच्या फोनवर मुलांच्या ठोक्यांचा आकडा जायचा आणि तिचा आकडा वर्गात सगळ्यांत मोठा होता. वर्धापनदिनाच्या आधी काकूंचा फोन आला. मी शेजारीच बसले होते.

“झेलू, आमच्या वार्डात एका पाळीत एवढे ठोके पडले ना, तर इन्चार्ज सिस्टर ड्युटीवरून उतरवते. घरी पाठवते झोपाले. तुले झेपत नाही हे, पोरी. लाजायचं काय त्याच्यात? धारणीले कॉलेज आहेच. मी वर्धापनदिनाले येईन अन् घेऊन जाईन तुले.”

“बरं,” झेलम म्हणाली.

“रागावली काय?”

“नाही ना आई. खरंच आहे ते. माझी निवड चुकूनच झाली होती.”

फोन ठेवल्यावर मी रडले. ती रडली नाही, बॅगेत पुस्तकं भरायला लागली. ते मला जास्त लागलं. खरं सांगायचं तर मला तिच्या भविष्याची वगैरे चिंता नव्हती. मला माझ्या बाकावर ती हवी होती, बस्स.

त्याच आठवड्यात वर्धापनदिनाच्या नाचाची तालीम चालू होती. झेलम कोरकूंचा गदली नाच बसवत होती. एका मुलीच्या घुंगरांचा पट्टा तुटला म्हणून सुटे घुंगरू झेलमनं आपल्या मनगटावर, टोक्याच्या पट्ट्याला गुंडाळून ठेवले. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि ती तशीच प्रयोगशाळेत पळत आली.

सरांनी फळ्यावरचा तक्ता उतरवून घ्यायला सांगितला. सगळं शांत होतं. मग आकडेमोड झाली, तेव्हाही शांतच. मग सरांनी एक लोखंडी वॉशर चिमट्यात धरून दाखवला.

“याच्या मध्ये भोक आहे. हा तापवला तर भोक मोठं होईल की लहान? लावा बोली.”

कुणीच बोललं नाही. आणि त्या शांततेत माझ्या शेजारी छुन् छुन् छुन् असा आवाज आला.

“सर, बैलगाडी आली,” इंगोले म्हणाला. वर्ग खो खो हसला. झेलमनं हात बाकाखाली दडवला, पण आवाज काही थांबेना. ती घुंगरू ओढून काढू लागली. मी तिचा हात धरला.

“सोड ना वृंदा!”

“थांब. तक्ता उतरवताना हे वाजत नव्हतं.”

“मग?”

“आकडेमोड करतानाही नव्हतं. तू आत्ता काय करत होतीस?”

ती चिडलीच. “काय करणार? विचार करत होते. लोखंड सगळीकडून फुगणार, मग ते भोकातही फुगेल का, की भोकही लोखंडासारखंच वाढेल…” आणि पुन्हा छुन् छुन् सुरू झालं.

शाळा सुटल्यावर मी तिला वसतिगृहामागच्या कॉफीच्या बागेत नेलं. टोक्या आणि घुंगरू दोन्ही तसेच ठेवायला लावले. सतराचा पाढा म्हणायला सांगितला. आवाज नाही. मूलद्रव्यं ओळीनं म्हणायला लावली. तेव्हाही नाही. मग विचारलं, “पृथ्वीला दोन चंद्र असते तर भरती-ओहोटीचं काय झालं असतं?” तिनं तोंड उघडायच्या आत घुंगरू वाजायला लागले आणि ती बोलत होती तोवर वाजतच राहिले. असलं काही मी तिच्या तोंडून किती महिन्यांनी ऐकत होते.

“आता तू बांध,” ती म्हणाली.

मी बांधले. दोन चंद्रांवर माझे वाजलेच नाहीत, कारण मी कुठंतरी वाचलेलं घडाघडा म्हणून टाकलं. मला थोडा अपमान वाटला. मग तिनं सहज विचारलं, “मी गेल्यावर तू बाकावर कुणाशी बोलशील?”

आणि माझं मनगट असं वाजलं की झाडावरचे पक्षी उडाले. मला खरंच काही सुचत नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून आधी हसलो आणि मग बराच वेळ नाक पुसत बसलो.

पण तिथंच आम्हाला उमगलं. टोक्याला चूक वगैरे काही कळत नाही. लय मोडली, एवढंच त्याला कळतं. लक्ष सुटलं की लय मोडते, आणि ज्याचं उत्तर ठाऊक नाही त्याचा विचार करायला लागलं की तेव्हाही मोडते. घसरणाऱ्याचे पाय जमिनीवरून सुटतात आणि उडी मारणाऱ्याचेही सुटतात. वार्डात काकूंना नवं काही शोधायचं नव्हतं, ठरलेलं काम न चुकता करायचं होतं, म्हणून तिथं ठोका म्हणजे घसरणं. झेलमच्या मनगटावर मात्र दिवसभर उड्या मोजल्या जात होत्या.

आम्ही पळत खोडके सरांकडे गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुढे केला आणि म्हणाले, “बांधा मला.”

घुंगरू बांधून ते फळ्यासमोर उभे राहिले. फळ्यावर दुसऱ्या दिवशीचा धडा होता. शांतता. मग त्यांनी तो पुसला, जरा थांबले, एक आकृती काढायला लागले. घुंगरू वाजू लागले. सर थांबले, पुन्हा काढायला लागले, पुन्हा वाजले. त्यांनी आमच्याकडे पाठ करूनच म्हटलं, “या वर्षी मी नवीन काही विचारलंच नाही, पोरींनो. ठोका पडला की खडू खाली ठेवत होतो. मला वाटलं, वय झालं.”

मग सर वळले तेव्हा त्यांचा चेहरा आठवीतल्या पोरासारखा झाला होता.

“नाचाच्या पेटीत घुंगरू किती असतील?”

“पोतंभर आहेत, सर.”

“सगळे काढा. पण एक ध्यानात ठेवा. आम्लाच्या बाटलीशी वाजलं तर थांबायचं. विचार करताना वाजलं तर पुढे जायचं. कुठलं कुठलं, ते ओळखायला डोकं आहे ना?”

“सर, झेलमची आई…” मी म्हणाले.

“त्यांना तोंडानं सांगून पटणार नाही. ज्या पट्ट्यानं त्यांच्या हातून एक बाळ वाचवलं, त्याच्याविरुद्ध त्या माझं कशाला ऐकतील? त्यांना बोली लावू द्या.”

वर्धापनदिनाच्या सकाळी सगळी शाळा आणि पालक पंचबोल पॉइंटवर जमलो. तिथं कड्यावर उभं राहून हाक मारली की समोरच्या डोंगरांवरून पाच वेळा परत येते. त्या दिवशी दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती. डोंगर दिसतच नव्हते. काकू आदल्या संध्याकाळी आल्या होत्या आणि शाळेच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपल्या होत्या. झेलमची बॅग आधीच फाटकापाशी नेऊन ठेवली होती. काकू अंगावर शाल घेऊन एका बाजूला उभ्या होत्या, मनगटावर सवयीनं पट्टा होताच. मी जाऊन त्यालाही घुंगरू बांधले.

“हे काय करून राह्यली वं?”

“प्रथा आहे, काकू,” मी म्हणाले. प्रथा तीन दिवसांची होती, पण ते मी सांगितलं नाही.

खोडके सर दगडावर चढले. त्यांच्या हातात दोन जाड फळ्या होत्या. “मी या फळ्या एकदाच आपटणार. एरवी इथं पाच प्रतिध्वनी येतात. आज धुकं आहे. आज किती येतील? मी अशा धुक्यात हे कधी करून पाहिलेलं नाही. लावा बोली!”

आधी इंगोले पुढे आला. “धुकं म्हणजे पाण्याचे थेंब. ते आवाज शोषून घेतात. तीन!” त्याचे घुंगरू गप्प होते. मग कुणी दोन म्हणालं, कुणी चार. हळूहळू इकडून तिकडून छुन् छुन् सुरू झालं. वाजलं की पूर्वी जे गप्प बसत, ते आता वाजलं म्हणून जोरात ओरडू लागले. एका आठवीतल्या मुलीनं “शंभर!” अशी बोली लावली आणि तिच्या घुंगरांसकट ती स्वतःही उड्या मारू लागली. सरांनी स्वतः “एक” म्हटलं. त्यांचा हात तर तमाशात उभा राहिल्यासारखा वाजत होता. पालक पोट धरून हसत होते. एवढा गोंगाट त्या कड्यावर वर्षभरात झाला नव्हता.

मग झेलम. ती पुढे आली तेव्हाच तिचं मनगट वाजत होतं. तिनं एकदा आईकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. मग तिनं तो हात पुन्हा वर काढला, सगळ्यांना दिसेल असा.

“सर, आमच्याकडे धुक्याच्या सकाळी पलीकडच्या डोंगरावरच्या गुरांच्या घंटा घरात ऐकू येतात. दुपारी येत नाहीत. दुपारी जमिनीजवळची हवा तापलेली असते, मग आवाज वर वळून निघून जात असेल. आत्ता दरीत थंड हवा आहे आणि वर ऊबदार असणार. तर वर निघालेला आवाज परत खाली वळेल. वाराही नाही. म्हणून आज कमी नाही, जास्त येतील. नऊ!”

तिचे घुंगरू पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाजत होते. कुणी हसलं नाही.

“सिस्टर, आता तुम्ही,” सर म्हणाले.

“मी? मले काय समजते त्यातलं?”

“आम्हालाही समजत नाही. लावा.”

काकूंनी दरीकडे पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. “घंटांचं खरं आहे तिचं,” त्या पुटपुटल्या. “पण नऊ म्हणजे लयच झाले…” आणि त्यांचं मनगट वाजलं. त्या दचकल्या. घुंगरू वाजतच होते. त्या सरांना म्हणाल्या, “सर, माझी चांगली झोप झाली. हातात औषध नाही, काही नाही. मग हे कायले वाजते?”

“तुम्हाला उत्तर ठाऊक नाही आणि तरी तुम्ही शोधताय, म्हणून वाजतंय.”

काकूंनी सरांच्या वाजणाऱ्या हाताकडे पाहिलं, मग पोरांच्या हातांकडे, मग झेलमच्या. शेवटी शाल सावरून मोठ्यानं म्हणाल्या, “सात!”

सरांनी सगळ्यांना मनगटं मुठीत धरायला लावली. घुंगरू बंद झाले. त्यांनी फळ्या आपटल्या.

ठाप्. धुक्यातून उत्तर आलं, एक. मग दोन. तीन. इंगोलेचा चेहरा खुलला. चार. तो उतरला. पाच. प्रत्येक ठाप् इतका स्वच्छ होता की वाटावं, धुक्यात कुणीतरी फळ्या घेऊन उभं आहे. मग शांतता. लोक श्वास सोडणार, तेवढ्यात फार दुरून, नेहमी जिकडून येतो त्याच्या भलत्याच बाजूनं, एक बारीकसा ठाप् आला.

सहा. सात काही आला नाही.

“सहा!” सर ओरडले. “सहाची बोली कुणाची?”

कुणाचीच नव्हती. तीन, चार, नऊ, सात, शंभर, सगळ्या होत्या. सहा नव्हती. पूर्ण शाळा हरली होती, सगळे पालक हरले होते, सरसुद्धा हरले होते. मग असा हशा उठला की त्याचेही सहा प्रतिध्वनी आले असतील, पण मोजायला कुणी भानावर नव्हतं. इंगोले मुठी आवळून धुक्याकडे बघत होता. “त्या बाजूला तर कडाच नाही,” तो म्हणाला. “मग आला कुठून?” आणि त्याचे घुंगरू वाजायला लागले. वर्गानं त्याला खांद्यावर उचललं.

मग प्रथेप्रमाणे धुवायचं. शाळेतलं सगळं काचसामान बाहेर काढलं आणि सगळी शाळा पालकांसकट नळांवर बसली. शिपाईकाका मागून फिरत “तिथं डाग राहिला” म्हणत होते. त्यांनी बोलीच लावली नव्हती, त्यामुळे हक्क त्यांचाच होता. काकू झेलमशेजारी बसून नळ्या घासत होत्या. त्यांचा हात यंत्रासारखा चालत होता आणि मनगट गप्प होतं.

“आमच्या डॉक्टरीणबाई आहेत ना,” त्या एकदम म्हणाल्या, “एखादा पेशंट येते, काय झालं ते कोणालेच समजत नाही. तेव्हा बाई खाटेपाशी विचार करत उभ्या राहतात. अन् त्यांचा पट्टा थरथरताना मी पाहिला आहे. मले वाटे, बाई थकल्या. मी चहा आणून द्यायची.” त्या नळी उजेडात धरून पाहत राहिल्या. “बाई चहा बाजूले ठेवून द्यायच्या.”

झेलमनं आपल्या हातातली नळी धुऊन उपडी ठेवली.

“सहावा कुठून आला असन वं, झेलू?”

“तेच तर! त्याला उशीर किती लागला, पाहिलंस ना? म्हणजे तो लांबून आला. पण तिथं कडा नाही. धुक्याचा वरचा थर असेल का? मला वाटतं, धुक्याच्या रोज सकाळी मोजून पाहायला हवं, धुकं वरखाली होईल तसं अंतर बदलतं का…” ती बोलता बोलता थांबली. दुपारच्या गाडीनं ती घरी निघाली होती.

सेमाडोहमार्गे धारणीला जाणारी एसटी लागली तेव्हा आम्ही तिघी थांब्यावर होतो. काकू पायरीवर चढल्या. झेलम बॅग उचलून त्यांच्या मागोमाग निघाली.

“ते ठेव खाली,” काकू म्हणाल्या.

काकूंच्या मनगटावरचे घुंगरू काढायचे राहिले होते, आणि ते वाजत होते, सकाळपेक्षाही जोरात. कंडक्टर वळून बघायला लागला.

“आई, तुझं वाजतंय.”

“ऐकू येते मले.”

“मग येऊ का मी? आई, चुकत तर नाहीस ना तू?”

काकूंनी मनगटाकडे पाहिलं. सकाळची बोली सोडली, तर त्या पट्ट्याचा एकही ठोका त्यांनी आजवर कानाआड केला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले होते आणि तरी त्या हसत होत्या.

“काय माहीत, पोरी,” त्या म्हणाल्या. “वाजू दे.”